ब्लॉक केलं तरी मेल येतायतच, आता काय करू? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. सकाळी मेल उघडला की लोनवाले, सेमिनारवाले, परदेशी मशीनवाले, कधीतरी एकदा बूट घेतले त्या शॉपिंग साइटवाले, सगळ्यांची नुसती गर्दी. मी दिसंल त्याला ब्लॉक करत सुटलो, लई जणांना केलं. आता झालंय असं की पुण्याच्या गिऱ्हाइकाची परचेस ऑर्डर मला दिसलीच नाही, त्यांचा फोन आल्यावर शोधली तर स्पॅममधे. आणि लोनवाले अजून येतायतच. मग त्या ब्लॉकचा उपयोग काय?

उत्तर : दादा, आधी ऑर्डरचं बघू, बाकीचं नंतर. जीमेलवर एखाद्याला ब्लॉक केलं की त्याचा मेल परत जात नाही, तो गपचूप स्पॅममधे (नको असलेल्या मेलच्या कप्प्यात) पडतो आणि 30 दिवसांनी आपोआप डिलीट होतो, आणि पाठवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, त्यामुळं तुमच्या गिऱ्हाइकाला वाटणार मेल पोचला आणि तुम्हाला वाटणार ऑर्डरच आली नाही. म्हणून आजच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसा (फोनच्या अॅपमधे फिल्टर, म्हणजे कुणाचा मेल कुठं जावा याचे नियम, बनवता येत नाहीत), सेटिंग्जमधे जाऊन 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अॅड्रेसेस' उघडा. ब्लॉक केलेल्या सगळ्यांची यादी तिथं असते, ती पूर्ण वाचा आणि कामाची माणसं अनब्लॉक करा. मग तिथंच नवीन फिल्टर करा, 'फ्रॉम'मधे गिऱ्हाइकाच्या कंपनीच्या पत्त्याचा 'अॅट' या चिन्हापासून पुढचा भाग टाका आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर टिक करा, म्हणजे त्या कंपनीतनं कुणीही मेल केला तरी तो इनबॉक्समधेच येईल. फक्त एक सांभाळा, गिऱ्हाईक साध्या जीमेलवरनं लिहीत असेल तर त्याचा पूर्ण पत्ता टाका, नुसतं 'अॅट जीमेल' टाकलं तर जगातला सगळा कचरा आत येईल.

आता गर्दीचं. तुम्ही सगळ्यांना एकच औषध दिलंय, तिथं गडबड झालीय. ज्या दुकानाला आपण स्वतः कधी पत्ता दिला होता त्याला ब्लॉक नाही, अनसबस्क्राइब करायचं, म्हणजे त्यांच्या यादीतनं आपलं नाव काढायचं. मेल उघडला की वर पाठवणाऱ्याच्या नावाजवळच ते बटण दिसतं. आणि ते खरंच चालतं, कारण फेब्रुवारी 2024 पासून गुगलनं नियम केलाय की जीमेलवर दिवसाला 5,000 च्या वर मेल टाकणाऱ्यानं एका क्लिकमधे नाव कमी करायची सोय द्यायची आणि दोन दिवसांत ती पाळायची. डाव्या मेनूत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' दिसत असेल तर सगळे एकाच जागी सापडतात, चहा होईपर्यंत बरंच काम उरकतं.

लोनवाल्यांचं वेगळं. त्यांना आपण पत्ता दिलेलाच नाही आणि ते दर वेळी नव्या पत्त्यावरनं येतात, तुम्ही आजचा ब्लॉक केला तर उद्याचा कुठं ब्लॉक झालाय? तिथं 'रिपोर्ट स्पॅम' दाबायचं, त्यानं जीमेलला तसले मेल ओळखायला मदत होते. त्यांच्या मेलच्या आतली अनसबस्क्राइबची लिंक मात्र अजिबात दाबू नका, त्यातनं त्यांना एवढंच कळतं की हा पत्ता चालू आहे आणि माणूस मेल वाचतो. ब्लॉक राहतो तो एकाच ठरावीक पत्त्यावरनं त्रास देणाऱ्या माणसासाठी, आणि माझं ठाम मत आहे की धंद्याच्या मेलवर तो सगळ्यात शेवटी वापरावा.

प्रश्न : ताई, मी घरनं कोल्हापुरी चप्पल विकते, ऑर्डरी मेलवर पण येतात. एका माणसाची ऑर्डर कॅन्सल झाली तेव्हापासनं तो घाण घाण मेल टाकतोय. ब्लॉक करू का? त्याला कळलं तर अजून पेटेल अशी भीती वाटतीय.

उत्तर : ताई, ब्लॉक केल्याचं त्याला कळत नाही, ती भीती सोडा. पण लगेच ब्लॉक करू नका, कारण मी वर लिहिलंय तसं ते मेल 30 दिवसांत उडतील आणि तोच तर तुमचा पुरावा आहे. त्याऐवजी त्याच्या पत्त्याचा फिल्टर बनवा, 'स्किप द इनबॉक्स', 'अप्लाय द लेबल' आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' असं तिन्हीवर टिक करा. मेल एका कोपऱ्यात साठत राहतील, तुमच्या डोळ्यासमोर येणार नाहीत. ते वाचायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा, तुम्ही वाचू नका. उत्तर एकदाही देऊ नका, रागानं सुद्धा नाही. स्क्रीनशॉट घ्या पण मूळ मेल डिलीट करू नका, कारण मेल कुठनं कसा आला ती सगळी माहिती मूळ मेलमधल्या 'शो ओरिजिनल'मधे असते, स्क्रीनशॉटमधे ती येत नाही. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते, नाहीतर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा, सोबत कुणालातरी घेऊन जा. तुमची यात काहीच चूक नाही, धंदा बंद करायचा विचार मनात आणू नका.

प्रश्न : मी मंगळवार पेठेतला रिटायर्ड शिक्षक. 'स्टोरेज फुल' असं येतंय, जाहिरातीचे हजारो मेल उडवले तरी जागा होत नाही.

उत्तर : सर, जाहिरातीचे मेल हलके असतात, त्यानं फार फरक पडत नाही. फुकट मिळणारे 15 जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटोज तिघांत मिळून असतात, बहुतेक वेळा फोटो-व्हिडिओच जास्त जागा खातात. मेलमधे सर्चच्या पट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर टिचकी मारा, 'साइज'मधे 10 एमबीपेक्षा मोठे असं निवडा, जड मेल तेवढे समोर येतील. पेन्शनची कागदपत्रं आधी डाउनलोड करून ठेवा. आणि डिलीट केल्यावर बिन रिकामी करा, नाहीतर 30 दिवस जागा अडूनच राहते.

प्रश्न : हुपरीतनं लिहितोय. बँकेच्या नावानं केवायसीचा मेल येतो, ब्लॉक केला तरी परत येतो. खरा का खोटा?

उत्तर : नावावर जाऊ नका भाऊ, नाव कुणालाही कुठलंही लावता येतं. नावावर टॅप करून मागचा पूर्ण पत्ता बघा, आणि पत्ता बरोबर वाटला तरी मेलमधली लिंक उघडू नका. रिझर्व्ह बँकेनं बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या वेबसाइट डॉट बँक डॉट इन वर न्यायला सांगितलं होतं, तेव्हा आपल्या बँकेचा डॉट बँक डॉट इननं संपणारा वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून जा, नाहीतर पासबुक घेऊन शाखेत जा. असल्या मेलला ब्लॉक नाही, 'रिपोर्ट फिशिंग' करा (फिशिंग म्हणजे खोट्या नावानं मेल टाकून फसवणं). आणि कुणाचे पैसे गेलेच असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जेवढ्या लवकर लावाल तेवढी पैसे अडवायची शक्यता जास्त.