दहशतवादी हल्ल्यानंतर सरकारने नेमकं काय करायला हवं? कडक कायदे की बदला?

माझ्या मते दोन्हींच्या आधी पोलीस ठाणं. 26/11 चंच बघा. दहा जण समुद्रातून आले, बधवार पार्कच्या कोळीवाड्यापाशी उतरले. तिथल्या लोकांनी हटकलंही होतं. सीएसटीवर एके-47 समोर आपल्या पोलिसांच्या हातात जुन्या थ्री नॉट थ्री रायफली, आणि गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांच्याकडे तर फक्त लाठी. तरी त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला आणि कटाचे धागेदोरे कराचीपर्यंत गेले. एनएसजी, म्हणजे केंद्राचे कमांडो, हरियाणातल्या मानेसरहून येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता.

पुढे एनआयए ही केंद्रीय तपास यंत्रणा, मुंबईत एनएसजीचा तळ, राज्याचं फोर्स वन हे कमांडो दल, हे सगळं झालं. चांगलंच झालं, पण 166 माणसं गेल्यावर.

दुसरी गोष्ट तपासाची. कसाबवर रीतसर खटला चालला, सरकारी खर्चाने वकील मिळाला, 2012 मध्ये फाशी झाली. त्याला तुरुंगात बिर्याणी हवी म्हणे, यावरून तेव्हा केवढा गदारोळ! (ती बिर्याणी थापच होती, त्याच्याविरुद्ध खटला लढवणारे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच नंतर सांगितलं.) पण निकाल सुप्रीम कोर्टापर्यंत टिकला. याउलट 2006 चे लोकल बॉम्बस्फोट: 2015 मध्ये बारा जणांना शिक्षा, आणि 2025 मध्ये हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलंय, पण एकोणीस वर्षांनंतरही बॉम्ब ठेवले कोणी, याचं पक्कं उत्तर मृतांच्या घरच्यांकडे नाही.