पत्र पौलाचं की पौलाच्या नावाचं?

प्रश्न : सर नमस्कार. मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे, घर माळकऱ्याचं. शेजारच्या मागावरचा माझा दोस्त दर रविवारी चर्चला जातो. त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघितला की बायबलात पौलाच्या नावाची 13 पत्रं आहेत त्यातली निम्मी पौलाने लिहिलीच नाहीत म्हणे. दोन दिवस झाले डब्याला पण नीट बसत नाही ओ. हे खरं आहे का, आणि असलं तर ती पत्रं खोटी म्हणायची का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : व्हिडिओवाल्याने हवेत सोडलेलं नाही, पण वाद आहे तिथे निकाल लावून टाकलाय. पौल म्हणजे सुरुवातीच्या काळातला येशूचा प्रचारक. त्याच्या सात पत्रांबद्दल जवळपास कुणाची तक्रार नाही: रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनला लिहिलेलं. राहिली सहा. त्यातली तीमथ्याला लिहिलेली दोन आणि तीताला लिहिलेलं एक ही बहुतेक अभ्यासक पौलाची धरत नाहीत, कारण शब्द वेगळे, वाक्याची चाल वेगळी, आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, अध्यक्ष कसा असावा, विधवांच्या यादीत कुणाचं नाव घालावं असली बसलेल्या घडीची, म्हणजे पौलानंतरची वाटणारी, व्यवस्था त्यात दिसते. इफिसकरांस बद्दल पण बऱ्याच जणांना शंका आहे, कलस्सैकरांस आणि थेस्सलनीकाकरांस दुसरं यावर मात्र अजून दोन तट आहेत.

आता 'लिहिलं' म्हणजे काय ते बघा, कारण पौल बहुतेक वेळा स्वतः लिहीत बसायचा नाही, तो सांगायचा आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. रोमकरांसच्या शेवटी तर तो लेखनिक, तर्तियुस, मध्येच डोकं काढून स्वतःचा सलाम सांगून जातो! आणि गलतीकरांसच्या शेवटी पौल स्वतः लेखणी घेतो आणि म्हणतो बघा, केवढ्या मोठ्या अक्षरात मी स्वतःच्या हाताने लिहितोय. म्हणजे मजकुराचा हात एक, सहीचा हात दुसरा. त्यामुळे नुसती भाषा बदलली म्हणून लगेच खोटं म्हणता येत नाही. गंमत म्हणजे थेस्सलनीकाकरांसच्या दुसऱ्या पत्रात 'आमच्या नावाने पत्र आलं तरी घाबरून जाऊ नका' असं बजावलंय, शेवटी सहीची खूणही सांगितलीय, आणि नेमकं तेच पत्र आज संशयात आहे.

तुम्ही माळकरी, त्यामुळे 'तुका म्हणे' असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचाच असतो असं नाही हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या सिद्धरामेश्वरांच्या वचनात 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा, म्हणजे नावाची खूण, येते, पण मुद्रा दुसऱ्यालाही घालता येतेच की. मात्र यावरून 'त्या काळी सगळं चालायचं, कुणाला काही वाटायचं नाही' असं जे सांगतात ते मला पटत नाही. इ.स. 200च्या आसपास तर्तुल्यन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की आशिया प्रांतातल्या मंडळीच्या एका पुढाऱ्याने पौलाच्या नावावर खपेल असं लिखाण केलं, पकडला गेला, पौलावरच्या प्रेमापोटी केलं म्हणाला, तरी त्याचं पद गेलंच. वाटायचं म्हणूनच गेलं ना? ओरिजेन हा जुना ख्रिस्ती पंडित तर इब्री लोकांस पत्राबद्दल, ज्यावर कुणाचंच नाव नाही, सरळ म्हणून गेला की कुणी लिहिलं ते देवालाच ठाऊक. आणि तरी ते पत्र नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, राहिलं.

म्हणजे दोन गोष्टी आहेत: पत्र कुणाच्या हातचं, आणि मंडळीने ते कशासाठी जपलं. पहिलीचं उत्तर अभ्यासक देतील, दुसरीचं तुमचा दोस्त रविवारी ऐकतोच. माझं विचाराल तर त्या सहातल्या काहींवर पौलाचं नाव दुसऱ्याने घातलंय असंच मला वाटतं, त्याला गोड नाव द्यायची गरज नाही.

दोस्ताला म्हणावं आज फिलेमोन वाच. 25च वचनं आहेत, डब्याच्या सुट्टीत होतंय. मालकापासून दुरावलेल्या दासासाठी पौल शब्द टाकतो की त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, आणि पुढे लिहितो, मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन.