अभिनय करेल, पण पोट कशावर भरेल?

पत्र: "माझी मुलगी सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा एका एकांकिका स्पर्धेत तिला अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून तिचं अभ्यासातलं लक्ष उडालं. तिसरं वर्ष न करता मुंबईला जायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, डॉ. लागूंसारखी आधी डिग्री घे, नोकरीला लाग, मग हौस भागव. मला दोन्ही बाजू पुरत्या पटत नाहीत. शंभरातले दोन-चार नाव कमावतात, बाकीच्यांचं काय होतं? शिवाय मुलीची जात, उद्या लग्नाचंही बघायचं आहे." (एक पालक, सांगली)

सप्रेम नमस्कार.

'बाकीच्यांचं काय होतं?' हे तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. या विषयावरच्या पत्रांत बहुतेकांना एवढंच हवं असतं, की मुलगी नाव कमावेल का. त्याचं उत्तर ज्योतिषाकडे मागावं. पण फारसं नाव न झालेले कितीतरी नट-नट्या मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षं घर चालवतात, हप्ते भरतात, मुलं शिकवतात. ते कसं जमतं, हे मात्र सांगता येतं.

चेहरा पाहिल्यासारखा वाटतो पण नाव आठवत नाही, अशी एखादी पस्तिशीची अभिनेत्री डोळ्यांसमोर आणा. मालिकेत ती नायिकेची मोठी जाऊ. तिचे महिन्याला आठ-दहा दिवस लागतात, कथेचा ट्रॅक तिच्यावर आला तर पंधरा. शनिवार-रविवारी नाटकाचे प्रयोग, तेही परीक्षांच्या दिवसांत आणि धो-धो पावसात रोडावतात. मधल्या दिवसांत डबिंग, एखादी जाहिरात, एखादं ऑडिओबुक. मे महिन्यात मुलांचं नाट्यशिबिर. गणपती-नवरात्रात सूत्रसंचालनाच्या सुपाऱ्या. यातल्या कुठल्याही एका कामावर तिचं भागणार नाही, सगळं मिळून भागतं. पुढच्या वर्षी हिशोब बदलतो. लेखकाने जाऊबाईंना अमेरिकेला पाठवलं की मालिकेचं उत्पन्न बंद, मग शिबिरं आणि डबिंग हाच मुख्य धंदा.

पैसे हातात कसे पडतात तेही समजून घ्या, कारण नव्या मुलांची वाताहत तिथेच होते. व्यावसायिक नाटकात 'नाईट' असते. प्रयोग झाला की पाकीट मिळतं. मालिकेत 'पर डे' ठरतो, आणि आज केलेल्या दिवसाचे पैसे साधारण तीन महिन्यांनी, टीडीएस कापून खात्यात येतात. म्हणजे पहिलं काम मिळाल्याचे पेढे वाटले, तरी त्यानंतरची तीन भाडी खिशातूनच जाणार. शिवाय नवख्या मुलीला सकाळी सातचा कॉल असतो, मेकअप करून ती बसते आणि तिचा सीन लागतो संध्याकाळी. कधी लागतच नाही. हे वाट पाहणं ज्याला सोसत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अभिनय बरा-वाईट हा त्यानंतरचा प्रश्न.

आता नातेवाईकांच्या सल्ल्याकडे येऊ. त्यांचा दाखला खरा आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि चाळिशी उलटल्यावर, १९६९मध्ये, ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, प्रशांत दामले बेस्टमध्ये. निळूभाऊ फुले पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. डॉ. मोहन आगाशे यांनी तर मानसोपचाराची प्राध्यापकी आणि नाटक दोन्ही चालवलं.

पण या सगळ्यांच्या उमेदवारीच्या काळात अभिनय म्हणजे मुख्यतः नाटक होतं. ऑफिस सुटल्यावर तालीम, प्रयोग रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी. बँकांच्या, कारखान्यांच्या स्वतःच्या नाट्यस्पर्धा होत्या आणि नाटकवाल्या कारकुनाला साहेबही थोडं सांभाळून घेत. आज नव्या मुलाला पैसे मिळण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे मालिका. तिथे शिफ्ट बारा तासांची आणि उद्याचा कॉल आज रात्री कळतो. रजेचा अर्ज साहेबाकडे करायचा तरी कोणत्या तारखेचा? तेव्हा 'आधी पक्की नोकरी, मग अभिनय' हा सल्ला प्रायोगिक किंवा हौशी नाटक करायचं असेल तर आजही उत्तम आहे. राज्य नाट्य स्पर्धेत आणि कामगार कल्याणच्या स्पर्धेत नोकरी सांभाळून सुंदर कामं करणारी माणसं आहेत, आणि त्यांना कमी लेखायचं काही कारण नाही. कॅमेऱ्यासमोर पोट भरायचं असेल तर मात्र जोडधंदा असा हवा, जो आज बाजूला ठेवून परवा करता येईल. बीएस्सी झालेल्या मुलीला अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेता येतात, वैद्यकीय मजकुराचं भाषांतर करता येतं. त्या अर्थाने डिग्री उपयोगाची आहे. नातेवाईक म्हणतात त्या अर्थाने तितकीशी नाही.

जोडधंदा अभिनयाच्या अंगणातला असेल तर सोन्याहून पिवळं. श्रेयस तळपदे यांचंच बघा. नाटक, मालिका, चित्रपट, निर्मिती, दिग्दर्शन हे सगळं करून झाल्यावर २०२१मध्ये 'पुष्पा' या तेलुगू चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुनला त्यांचा आवाज मिळाला. चिन्मय मांडलेकर राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आले, पण पडद्यावर दिसण्याइतकंच त्यांनी लिहिलंही आहे. मुग्धा गोडबोले अभिनयाबरोबर मालिकांचं लेखन करतात. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकलेल्या मुक्ता बर्वे नाट्यनिर्मितीत उतरल्या. ही प्रसिद्ध नावं तुम्हाला ओळखता यावीत म्हणून घेतली. हाच प्रकार लहान प्रमाणावर अनोळखी नावं रोज करतात. तुमच्या लेकीला एवढंच विचारा की अभिनयाशिवाय तिला दुसरं काय येतं. लिहिता येतं का? हिंदी सफाईने बोलते का? गाते का? मुलांत रमते का? 'काहीच नाही, मला फक्त अभिनय करायचाय' असं उत्तर आलं, तर काळजी करा.

डबिंगबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बाहेरून येणाऱ्या मुलांना हे दार दिसतच नाही. आवाजबंद खोलीत माईकसमोर उभं राहायचं, कानात मूळ भाषेतला आवाज, समोर पडद्यावर ओठ हलताहेत, हातात मराठी किंवा हिंदी संवादांचा कागद. मूळ वाक्य जेवढ्या वेळात संपतं तेवढ्यातच आपलं बसलं पाहिजे, आणि श्वासही तो घेतो तिथेच घ्यायचा. नवख्याला आधी 'क्राउड' देतात. चार-पाच जण माईकभोवती उभे राहून लग्नघर, बाजार, मारामारी बघणारी गर्दी उभी करतात. त्यातून जो वेळेवर येतो, कागद एका वाचनात पकडतो आणि शब्द स्पष्ट उच्चारतो, त्याला पुढच्या खेपेला दोन ओळींची नर्स किंवा वॉचमन मिळतो. इथे रूप, उंची, वय विचारत नाही कुणी. मार्च २०२०मध्ये नाट्यगृहांना टाळं लागलं, मधे काही महिने अर्ध्या आसनांवर उघडली, परत बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१पर्यंत तशीच राहिली. त्या काळात केवळ प्रयोगांवर अवलंबून असलेल्यांचे फार हाल झाले. आवाजाचं काम करणारे काही जण मात्र घरातल्या कपाटात गोधड्या लावून रेकॉर्डिंग करत होते.

कॉलेज सोडण्याबद्दल माझं मत: नाही. त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पुण्याच्या एफटीआयआयचा, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटचा, अभिनयाचा अभ्यासक्रम, ललित कला केंद्राचं किंवा मुंबई विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचं एम.ए., या सगळ्यांना पदवी लागते. एका वर्षासाठी हे चारही दरवाजे बंद करून घेण्यात काय हशील? जागा मोजक्या असतात, प्रवेश मिळेलच असं नाही, पण अर्ज करण्याचा हक्क तरी राहतो. प्रशिक्षणाशिवायही लोक पुढे जातात. तरी मी आग्रह धरतो, कारण तिथे सोबत शिकणारी मंडळीच पुढे दिग्दर्शक, लेखक, प्रकाशयोजनाकार होतात आणि कामाला बोलावतात.

राहिलेलं वर्ष वाया जातंय असं तिने समजू नये. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे पहिलं मराठी नाटक उभं केलं, त्या गावात ती राहते. व्यावसायिक नाटकाचा दौरा भावे नाट्यमंदिरात आला की दुपारीच तिथे जाऊन नेपथ्याचा ट्रक रिकामा होताना बघावा. फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंती, कसे उभे राहतात, प्रॉपर्टीच्या, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या सामानाच्या, टेबलावर कोणती वस्तू कुठे मांडतात, लाईटवाला शिडीवरून काय ओरडतो, हे सगळं. जमलं तर व्यवस्थापकाला विचारून हातभार लावावा. एका नाटकात तिने बॅकस्टेज करावंच. स्पर्धेत बक्षीस घेतलेल्या मुलांना नटांच्या कपड्यांना इस्त्री करायची लाज वाटते आणि मुंबईत पहिलं काम बहुधा तेच मिळतं.

पदवीनंतर मुंबईला जाऊ द्या, पण मुदत ठरवून. दीड-दोन वर्षं पुरेत. सुरुवातीच्या सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण बाजूला ठेवूनच निघावं. त्या काळात तिने वहीत लिहावं: कुठे ऑडिशन दिली, कोणी परत फोन केला, कोणत्या कामाचे किती आले, किती अडकलेत. तुम्ही ती वही बघताना एकच शोधा. एकदा काम दिलेल्या माणसाने तिला दुसऱ्यांदा बोलावलं का? छोट्या कामाला का होईना, दुसरं बोलावणं येत असेल तर तिचं चाललंय असं समजा. दोन वर्षांत एकदाही आलं नाही, तर मोकळेपणाने बसून बोला.

ऑडिशनच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून मात्र सुरुवातीलाच सावध करा. नोंदणी शुल्क, 'आमच्याकडूनच पोर्टफोलिओ करून घ्या', 'रोल पक्का आहे, डिपॉझिट भरा', हे ऐकलं की उठून यायचं. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. आजकाल पहिली फेरी बहुतेक वेळा मोबाईलवर शूट करून पाठवलेल्या सेल्फ टेपवरच होते. त्यापुढच्या फेरीला दिवसा, स्टुडिओत किंवा कार्यालयात जायचं, हॉटेलच्या खोलीत नाही. कुठे चाललोय ते मैत्रिणीला कळवून निघायचं. सेट हीसुद्धा कामाची जागा आहे आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा तिथेही लागू होतो, हे तिला आणि तुम्हाला दोघांना माहीत असू द्या.

लग्नाचं लिहिलंत, त्यावर सल्ला देणं माझ्या कामात बसत नाही. विसाव्या वर्षी ते ठरवायची घाई तुम्हीही करू नका, इतकंच सुचवतो.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला की पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या. बक्षिसांची यादी नको. दुसरं काय करता येतं, कोणत्या संस्थांना अर्ज केले आणि मुंबईतलं पहिल्या सहा महिन्यांचं भाडं कुठून येणार, एवढं लिहून पाठवायला सांगा. मग पुढचं तिच्याशीच बोलेन.