जीभ गोड लागते, मग छातीत काय गेलं?

प्रश्न : दम्यासाठी आधी माझ्याकडे स्प्रेचा पंप होता, आता डॉक्टरांनी कॅप्सूलमधली पावडर ओढायचा इन्हेलर दिलाय. ओढला की जिभेवर गोडसर लागतं. म्हणजे औषध तोंडातच राहतंय का? मी हळूच ओढते, पंपाच्या वेळी तसंच शिकवलं होतं.

उत्तर : गोड लागतं ते औषध नाही हो, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर आहे. छातीत खोल जायचं तर औषधाचा कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा लागतो (आपला केस ७० च्या आसपास धरा), पण इतकी बारीक पूड एकमेकींना चिकटून बसते, कॅप्सूलमधून नीट सुटतच नाही, म्हणून ती लॅक्टोजच्या जाड कणांवर बसवून देतात. तुम्ही ओढलं की त्या झटक्याने औषध सुटतं आणि हवेबरोबर आत जातं, लॅक्टोज मात्र जड, त्याला घशाचं वळण जमत नाही, ते तिथेच आपटतं. तेव्हा गोड चवीची काळजी सोडा.

काळजी हळू ओढण्याची करा. पंपात गॅस औषध ढकलतो, म्हणून तिथे सावकाश. इथे ढकलणारं कोणी नाही, तुमचा श्वासच इंजिन! हळू ओढलंत तर औषध लॅक्टोजला चिकटूनच घशात बसणार. आधी तोंड बाजूला करून श्वास सोडा (इन्हेलरमध्ये फुंकू नका, वाफेने पावडरीच्या गुठळ्या होतात), मग पहिल्यापासूनच जोरात आणि खोल ओढा, कॅप्सूल आत फिरत असेल तर खुळखुळ ऐकू येईल, आणि मग १० सेकंद श्वास धरा. नंतर कॅप्सूल बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा.

थोडं औषध घशात राहणारच, डोस ठरवताना ते धरलेलं असतं. स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते.

गंमत म्हणजे कण बारीकच हवा असंही नाही. १९९७ मध्ये डेव्हिड एडवर्ड्स, रॉबर्ट लँगर वगैरे संशोधकांनी दाखवलं की मोठा पण सच्छिद्र, थर्माकोलच्या मण्यासारखा हलका कणही खोल जातो, आणि मोठा असल्याने फुप्फुसातल्या सफाई पेशी त्याला पटकन गिळू शकत नाहीत.

एक मात्र डॉक्टरांना नक्की विचारा : जोराचा अटॅक आला की जोरात ओढायला दमच उरत नाही, तेव्हासाठी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावलेला पंप जवळ ठेवायचा का?