नव्या फादरांना, गाणी करण्याआधी

फादर, तुम्ही गाणं रचताय याचा फार आनंद झाला. तीस वर्षं मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, पेटी वाजवतोय, म्हणून हक्कानं सांगतो.

स्टुडिओचा विचार नंतर. आधी गावात बसा. आपल्या मराठवाड्यात पैठणच्या नाथांची भारुडं आणि नर्सीच्या नामदेवांचे अभंग घराघरात आहेत. इथला कान ओवीवर वाढलाय. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीतच लिहिलं, ते 1616 साली छापलं गेलं. परदेशातून आलेल्या माणसानं आधी इथली चाल ऐकली, हे मला फार मोठं वाटतं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही 1963 मध्ये उपासनेत लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यायला सांगितलं.

मात्र मिस्सेतले ठरलेले शब्द चालीसाठी बदलू नका. मोकळं लिहायचं तर भजन वेगळं करा. सिनेमाच्या चालीवर प्रभूचे शब्द बसवू नका. लोकांना सिनेमाच आठवतो.

पट्टी बायकांना विचारून धरा. फादरांचा आवाज उंच म्हणून काळी पाच धरली, की मागच्या बाकावरच्या आजी गप्प होतात. एकदा मीच तसं केलं होतं, अख्खं अर्पणगीत मी एकटाच गायलो. अजून सलतं ते.

रेकॉर्डिंग पहाटे करा, पंखे बंद ठेवून. आणि गाणं ऐकून कुणी दारी आलं, तर आधी त्याला चहा द्या, त्याचं ऐका. प्रश्न त्यानं विचारू दे.