नागपुरात मेडिकलची मुलं, सगळं माहीत असूनही, खर्रा का खातात?

माहीत असणं वेगळं आणि रात्री दोनला झोप आवरणं वेगळं. आमच्या होस्टेलात बहुतेकांची सुरुवात नाइट ड्युटीतच झाली. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेला. सीनियर पुडी पुढे करतो, 'घे बे, झोप उडते.' उडतेही! पण रक्तातलं निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येतं, की पुन्हा तलफ. सुपारीनं तोंड आखडतं, त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात; परीक्षेत आम्ही ते पाठ लिहायचो, बाहेर येऊन परत टपरीवर. माझ्या रूममेटच्या तोंडात तीन बोटं उभी जाईनात, तेव्हा कुठं त्यानं पन्नी टाकली. मन लागत नसेल, सुटत नसेल, तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात.