उन्हाळी बाळंतपण : बाळाला पाणी पाजावं का?

प्रश्न : लेकीचं बाळंतपण मे महिन्यात आमच्याकडे आहे. तेव्हा इथे पारा ४५ च्या आसपास असतो. थोरल्या नातवाच्या लंगोटावर पाचव्या दिवशी विटकरी डाग दिसले होते. उकळून गार केलेलं पाणी चमच्याने द्यावं का? अंगातलं पाणी कमी झालंय हे ओळखायचं कसं?
— एक आजी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : पाणी नको, चमचाभरही नको. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यालाही ते पुरतं. पाण्याने इवलंसं पोट भरतं, बाळ दूध कमी ओढतं, आणि पाणी जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. गुटी, बडीशेपेचं पाणीही नको. मध तर वर्षभर नाहीच.

लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा. डायपरमुळे फसगत होते. कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे (४५ मिली) पाणी ओतून वजनाचा अंदाज घेऊन ठेवा. विटकरी डाग म्हणजे लघवीतले युरेटचे कण. पहिले दोन-तीन दिवस ते चालतात, पाचव्या दिवशी दिसले तर दूध कमी जातंय असं समजा आणि त्याच दिवशी वजन करा. सुरुवातीला थोडं घटतंच. पण ३ किलोच्या बाळाचं ३०० ग्रॅम, म्हणजे १० टक्के उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

खरी भीती न रडणाऱ्या बाळाची. दूध कमी पडलं की अंगातलं पाणी घटतं, सोडियम चढतं, बाळ सुस्तावतं आणि आणखी कमी ओढतं. घरात मात्र कौतुक चालू, ‘किती गुणी आहे!’ टाळू खोल जाते ती फार उशिरा, आणि सोडियम चढलेलं असताना कातडी चिमटीत धरूनही पुष्कळदा काही कळत नाही. म्हणून जन्माचं वजन भरून येईपर्यंत तीन तासांपलीकडे झोपू देऊ नका, रात्रीसुद्धा. दुपटं सोडा, तळवे चोळा, पाजा. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा. सिझेरियन झालं तर दूध उतरायला उशीर होऊ शकतो, तोवर चीक हाताने काढून वाटी-चमच्याने द्या. डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलंच, तर डब्यावरच्या मापानेच. चमचा शिगोशीग भरला की दूध दाट होतं, त्यानेही सोडियम चढतं.

उकाड्यात टोपरं आणि दुपट्यांचे थर नकोत, एक सुती झबलं पुरे. ताप ३८ अंश सेल्सिअस झाला, बाळ उठवूनही उठेना किंवा ओढेना, तर पट्ट्या ठेवत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि वाटेत बाळ गिळत असेल तर पाजत राहा.